तिला न आवडणारं जंगल

हसणं आधी ऐकू आलं, माणूस नंतर दिसला. जेवणाची सुट्टी होती आणि कानाए तेराओका सरकत्या जिन्यावरून खाली येत होती. ओसाकातल्या या भल्यामोठ्या दुकानात ती कित्येक वर्षं तक्रारींच्या खिडकीशी बसत आली होती. आटलेले स्वेटर, उसवलेल्या पिशव्या, आतून काळी निघालेली खरबुजं घेऊन माणसं यायची. त्यांच्यापुढे ती कमरेत वाकून क्षमा मागायची आणि वाकलेली असतानाच, जमिनीकडे बघत, मनातल्या मनात त्यांची सालटी काढायची. खालच्या मजल्यावरच्या पावसाळी सामानाच्या विभागातून ते हसणं आलं. मोकळं, घशाच्या तळापासून निघालेलं, शेवटी खोकल्यात विरणारं. कोण हा गावंढळ, असं तिला वाटलं; मासळीबाजारात उभा असल्यासारखा हसतोय. जिना आणखी थोडा खाली सरकला, आणि तिला दिसलं की तो तिचा नवरा आहे.

शुंजी एका छोट्या स्टुलावर बसला होता. एका पायात ऑफिसचा बूट, दुसऱ्या पायात कोळी घालतात तसला पांढरा रबरी बूट. विभागातली विक्रेती पोरगी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून काहीतरी सांगत होती आणि तो पुन्हा हसत होता. या वेळी त्याने ऑफिसात असायला हवं होतं. कानाए एका खांबाआड झाली. मत्सर वगैरे काही नव्हता. ती पोरगी नकटी होती, आणि मत्सर ही भावनाच कानाएला मालिकेतल्या बायकांना शोभणारी वाटायची. तिला लागलं ते वेगळंच. ते हसणं तिला ओळखू आलं नव्हतं. इतकी वर्षं एका टेबलाशी जेवलेल्या माणसाचं हसणं ऐकून तिने त्याला परका समजून नावं ठेवली होती, आणि आता तो आपलाच आहे हे कळल्यावरही ती नावं काही मागे घ्यावीशी वाटत नव्हती.

त्या संध्याकाळी भाजलेल्या माशाचे काटे बशीच्या कडेला नीट लावत तो म्हणाला, “नोव्हेंबरात इरिओमोतेला जाऊ या का? दक्षिणेकडचं बेट, राष्ट्रीय उद्यान आहे. समुद्राला लागूनच जंगल.”

“कशाला?”

“तुला दाखवायचंय.”

“काय, चिखल?”

“चिखलही आहे,” तो म्हणाला.

तिने हो म्हटलं. का म्हटलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. पण माणूस हसतो तेव्हा कशाला तरी हसतो. ते काय आहे हे बघितल्याशिवाय त्याला नाव तरी काय ठेवणार? मार्चमध्ये शुंजी निवृत्त होणार होता. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत त्याची उभी हयात गेली होती. लोकांना वर नेणाऱ्या आणि खाली आणणाऱ्या डब्यांच्या तारा तो तपासायचा. स्वतः मात्र कधी वर गेला नाही, असं ती मैत्रिणींना सांगायची, आणि मैत्रिणी तोंडावर हात ठेवून हसायच्या.

विमानातून उतरून त्यांनी इशिगाकीला बोट धरली. बोटीत सगळे जंगलाला निघालेले. सगळ्यांच्या अंगावर नवी कोरी, घड्या न मोडलेली पावसाळी जाकिटं, जणू कुणा मोठ्या माणसाच्या भेटीला चाललेत. पलीकडच्या बाकावर एक बाई शेजारणीला सांगत होती, की त्या जंगलातल्या मोठ्या झाडाला मिठी मारली तर आतून पाणी चढताना ऐकू येतं. आपल्या पोटातला वायू ऐकू येत असेल, कानाएला वाटलं. एक टकलू गृहस्थ डोळे मिटून वाऱ्याकडे तोंड करून बसला होता. हवेतल्या कसल्याशा विद्युतकणांनी रक्त शुद्ध होतं म्हणे. शहरात ही माणसं एकमेकांच्या पायावर पाय देतात आणि इथे येऊन झाडांची क्षमा मागतात. लाटा जोराच्या होत्या, बोट आपटत होती, आणि थोड्याच वेळात रक्त शुद्ध करणारा गृहस्थ कागदी पिशवीत तोंड घालून ओकायला लागला. कानाएने खिडकीबाहेर पाहिलं. शुंजी उठला, त्या गृहस्थाच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला. हे त्याचं नेहमीचंच. आगगाडीत कुणाची छत्री पडली की आधी हा वाकणार. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले होते, तेव्हा कानाएच्या आईने आपल्या चहाच्या खोलीत त्याला बसवलं होतं. आई क्योतोतल्या जुन्या वस्तीत चहाच्या विधीचे धडे द्यायची. शुंजीने वाडगा उलट्या बाजूने फिरवला, एका घोटात रिकामा केला, आणि वर म्हणाला, “छान गरम होता.” आई हसली. किती सुंदर हसली होती आई. मग विचारलं, “थोडा चहा-भात घेता का?” आमच्या क्योतोत कुणी असं विचारलं की पाहुण्याने उठायचं असतं. हा किशिवादाचा, मजुरांच्या गल्लीतला, हा खुशीत म्हणाला, “आणा की!” आणि आईला खरोखरच उठून भात मांडावा लागला. कानाए शरमेने लाल झाली होती. पण त्या लाल होण्यात आणखी काहीतरी होतं, एक प्रकारचा निवांतपणा, की आता जन्मभर आपण या माणसाच्या वरच राहणार.

आणि ती राहिली. त्यासाठी फार काही करावं लागलं नाही, कधीमधी एखादं वाक्य पुरायचं. शुंजीने मध्येच माउथ ऑर्गन आणला होता. आंघोळीनंतर वाजवत बसायचा. “तुमच्याकडे कुणी आजारी आहे का, असं विचारत होत्या शेजारच्या सातो-सान,” ती एकदा म्हणाली. माउथ ऑर्गन कपाटात गेला. मग त्याने पाव भाजायला घेतले. “तुमच्या हातच्या पावाला कसा ऑफिसचा वास येतो,” ती म्हणाली, चावताना, अगदी सहज. मग बाल्कनीत मातीच्या कुंडीत छोटे मासे पाळले. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी तो उकिडवा बसून त्यांच्याकडे बघायचा. ती एकदा मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, यांची तोंडं तुमच्यासारखीच आहेत. काही सांगायचंय आणि सांगता येत नाही.” पुढच्या आठवड्यात कुंडी रिकामी होती. मासे कुणाला तरी देऊन टाकले होते. त्या रात्री तिला फार शांत झोप लागली होती, हे तिला आता, बोटीच्या आपटण्यात, उगाचच आठवलं.

बेट जवळ आलं. डोंगर खाली उतरून थेट पाण्यातच शिरले होते. मध्ये वाळू नाही, रस्ता नाही, कुठे श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती. झाडं समुद्रात पाय रोवून उभी. सगळं एकाच हिरव्या रंगाचं, कुणी एकच रंग स्वस्तात मिळाला म्हणून फासून टाकल्यासारखं. आणि वास: कुजलेल्या पानांचा, ओल्या मिठाचा, बंद कपाटाचा. भाड्याची गाडी घेऊन रस्त्याला लागल्यावर दर वळणावर पाट्या होत्या, रानमांजराला जपा म्हणून. “ते मांजर दिसतं का?” तिने विचारलं. “नाही. इथे जन्म काढलेल्यांनाही दिसत नाही,” तो म्हणाला. “मग शहाणं आहे,” ती म्हणाली. वाक्य चांगलं जमलं होतं. पण शुंजी गाडी चालवत होता आणि चेहरा तसाच, सपाट, रस्त्याकडे.

सोनाई गावात एका म्हातारीच्या घरी ते उतरले. मियारा आजी असं सगळे तिला म्हणत. उन्हाने रापलेली, ठेंगणी, दात थोडे, आवाज मोठा. तिच्या अंगणातच मागे एक दुसरं घर होतं, लाल कौलांचं, बसकं, पावसाने काळं पडलेलं. शुंजी ते दाखवायला घेऊन गेला. एका कोपऱ्यात छप्पर गळत होतं, भिंतीवर पाल चिकटली होती आणि पक्ष्यासारखी ओरडत होती. खिडकीच्या अगदी बाहेर जंगल सुरू होत होतं. “निवृत्त झाल्यावर इथे राहावं म्हणतो,” शुंजी म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. “पावसाळ्यात गाद्यांना बुरशी येते. वादळ आलं की बोट बंद. डॉक्टर आठवड्यातून काही दिवसच. तुला काय वाटतं?” विकणारा माणूस आपल्या मालाचे दोष आधी सांगत नाही, हे तक्रारींच्या खिडकीशी बसणाऱ्या बाईच्या लक्षात यायला हवं होतं. पण ती तेव्हा त्या पालीकडे बघत होती. ओठांवर किती वाक्यं आली होती, कुठलं निवडू असं झालं होतं. “विचार करते,” ती म्हणाली. चांगला घास मागे ठेवावा तसं.

दिवेलागणीला शुंजी पाण्याची टाकी बघायला छपरावर चढला, आणि मियारा आजीने कानाएपुढे कच्च्या पपईची परतलेली भाजी आणि रानडुकराचे कच्चे लालभडक काप आणून ठेवले. स्वतः समोर बसली, गुडघे वर घेऊन.

“तुम्हीच होय त्या,” आजी म्हणाली. “मला वाटलं, अंगानं मोठ्या असाल.”

“का बरं?”

“ते बोलायचेच असे घाबरून.” आजी खो खो हसली. “खा की. डुक्कर चावत नाही आता.”

“ते आधी आले होते इथे?”

“बघा, पपई खारट झाली का? ... आले होते तर. गेल्या पावसात आले, त्याच्या आधी उन्हाळ्यात. छपराची अर्धी कौलं त्यांनीच बसवली. हाताला चांगलेत हो तुमचे मालक. आणि बडबडे किती! माझा नवरा मेल्यापासून एवढं कुणी बोललं नाही या घरात.”

गेल्या पावसाळ्यात शुंजी प्रशिक्षणासाठी फुकुओकाला गेला होता. निदान तिने त्याची बॅग तरी फुकुओकासाठी भरली होती. कानाएने जेवणाच्या काड्यांनी एक काप उचलला आणि तोंडात घातला. थंड, मऊ, जिभेवर जिभेसारखा. बडबडे. हा शब्द ती चावत राहिली.

“मार्चनंतर मागच्या घरात अंथरूण एकाच माणसाचं सांगितलंय त्यांनी,” आजी भात वाढत म्हणाली. “मी म्हटलं, अन् बायको? तर म्हणाले, तिला नाही आवडायचं. बघेल आणि परत जाईल. म्हटलं, मग एवढ्या लांब आणता कशाला बिचारीला? तर म्हणाले, बघितल्याशिवाय ती परत जाणार कशी?” आजी थांबली, तिच्याकडे बघितलं. “त्यांनी सांगितलं असेलच ना तुम्हाला?”

“हो, सांगितलंय की,” कानाए म्हणाली आणि बसल्या जागी कमरेतून वाकली, गिऱ्हाइकापुढे वाकावं तशी. जमिनीवरच्या चटईच्या काड्या तिला अगदी जवळून दिसल्या. मनात सालटी काढायला या वेळी कुणी सापडेना. वर छपरावर शुंजीची पावलं वाजत होती, सावकाश, कौलं जपत. मग तिला हळूहळू कळत गेलं, की हा सगळा चहा-भात होता. हा डोंगर, ही बुरशी, ही पाल, ही वाट्टेल ते बोलणारी म्हातारी, सगळं तिच्यापुढे वाढून विचारलं होतं: घेता का थोडं? तिने उठावं म्हणून. त्या किशिवादाच्या माणसाने, ज्याला वाडगा कुठल्या बाजूने फिरवायचा तेही कळलं नव्हतं, इतकी वर्षं तिच्याच घरात बसून तिचीच विद्या शिकून घेतली होती, आणि तिला पत्ता लागू दिला नव्हता. आईलासुद्धा इतकं सफाईने जमलं नसतं. तिला संतापाबरोबर एक विचित्र, मास्तराला वाटतं तसलं कौतुक वाटलं. त्या कौतुकाचीही तिला घृणा आली.

सकाळी ते उराउची नदीवर गेले. नदी तपकिरी, संथ, गढूळ चहासारखी; दोन्ही काठांना खारफुटीची मुळं जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या पायांसारखी उभी. कालच्या बोटीतलीच माणसं होती, मिठीवाली बाई धरून. नावाड्याचा मदतनीस आजारी होता, म्हणून नावाडी हाक मारून म्हणाला, “तेराओका-सान, जरा दोर धरता का?” आणि शुंजी घरच्यासारखा पुढे गेला. वर जिथे नदी उथळ होते तिथे उतरून धबधब्यापर्यंत पायवाट होती. झाडांची मुळं भिंतींसारखी उभी राहिलेली, माणूस आत लपेल अशी. वरून पाणी पडत होतं; पाऊस आहे की पानांवरचं पाणी गळतंय, ते कळत नव्हतं. कपडे अंगाला चिकटले, केस कपाळाला चिकटले. पायमोज्यावर जळू चढली. कानाएने ती नखाने काढली आणि म्हणाली, “किती छान आहे नाही?”

शुंजी वळला.

“हवा कशी ओली आहे,” ती म्हणाली. “शहरात कातडी सुकून जाते.” थोडं पुढे गेल्यावर एका मोठ्या मुळाला हात लावून ती थांबली. “असलं झाड मी कधी बघितलं नव्हतं.” हे खरंच होतं, असलं कुरूप झाड तिने कधी बघितलं नव्हतं. शुंजीची चाल बदलली. मघा तो मोकळ्या खांद्यांनी चालत होता, आता ऑफिसच्या जिन्यावर चालावं तसा. तिला जोर चढला. तिने पक्ष्याचं नाव विचारलं. नेच्याचं पान खुडून हुंगलं. धबधबा दिसेल अशा उंचवट्यावर आले, तेव्हा खाली पांढरं पाणी खडकावर फुटत होतं आणि बाकीचे सगळे कठड्याशी फोटो काढत होते. ती शुंजीच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “मी येते इथे राहायला. मार्चनंतर. दोघं मिळून येऊ.”

तिला त्याचा चेहरा बघायचा होता, म्हणूनच ती बोलली होती. चेहरा पडेल, तो चाचरेल, आणि मग ती हसून म्हणेल, घाबरू नका हो. एवढाच बेत होता. पण चेहरा पडला नाही. तो म्हातारा झाला. तिच्या डोळ्यांदेखत त्यातलं काहीतरी मुकाट्याने मागे सरकलं, जागा करून द्यायला सरकतात तसं. तो हो म्हणणार आहे, हे तिला दिसलं. जसा माउथ ऑर्गन ठेवला, जसे मासे दिले, तसा तो आता हे जंगल तिच्या हातात ठेवणार होता आणि त्या गळक्या घरात तिच्यासमोर बसून काट्यांची रांग लावणार होता. ती वाट बघत राहिली. तो हो म्हणेल की काय, याची तिला भीती वाटत होती.

“नको,” शुंजी म्हणाला.

पाण्याचा आवाज मोठा होता. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“तू येऊ नकोस, कानाए,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “तुला आवडणार नाही अशी जागा मी शोधत होतो. खूप शोधली. डोंगरात बघितली, उत्तरेला बघितली. तिथे तुला थोडंफार आवडलं असतं. इथे नाही. मला वाटलं, तू बघशील, हसशील आणि परत जाशील. मग मला हे बोलावं लागलं नसतं. बोलायला मी भितो. तुला माहीतच आहे.”

“तेवढ्यासाठी माणूस बेटावर जात नाही,” ती म्हणाली. “वकिलाकडे जातो.”

“तेही करू. तू म्हणशील तसं.”

“आणि मी काय केलं तुमचं?”

त्याने खरोखर विचार केला. कपाळावरून पाणी ओघळत होतं, ते त्याने पुसलं नाही. “काही नाही,” तो म्हणाला. “तू काहीच केलं नाहीस. मी घरात असताना श्वास हळू घेतो, एवढंच. इथे आलो तेव्हा लक्षात आलं.”

इतका बावळट, इतका मासिकातल्या वाचकपत्रातला हा शब्दप्रयोग. तिला त्याची किळस आली. श्वास हळू घेतो म्हणे. आणि त्या किळसेतून ते वाक्य वर आलं, आपोआप, पूर्ण घडवलेलं. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य, हे तिला बोलण्याआधीच कळलं होतं. ती शांतपणे, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “तुम्हाला जंगल नकोय. कुणी बघत नाही अशी जागा हवीय. आणि कुणी बघत नसलं की तुमचं काय उरतं, ते मला माहीत आहे. तुम्हाला अजून नाही.”

शुंजीने ऐकलं. मान थोडी कलती करून, दूरच्या स्टेशनवरची घोषणा ऐकावी तसं. तिने वाट पाहिली. असं वाक्य लागलं की त्याची हनुवटी किंचित आत जायची, खांदे एकमेकांकडे यायचे. हे तिला त्याच्याही आधी दिसत असे.

“असेल तसं,” तो म्हणाला. “बघू या.” मग घड्याळाकडे बघून, “चल, नाव सुटेल,” आणि वाटेला लागला.

परतीच्या वाटेवर ती मागे, तो पुढे. वाक्य अजून तिच्या तोंडात होतं, थुंकलेली बी पुन्हा तोंडात आल्यासारखं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं. त्यात कुठे खोट नव्हती. ते खरंही होतं. खरं असूनही त्याला काही झालं नव्हतं. या ओल्या, बेढब, निर्बुद्ध झाडांमध्ये ते कुठेतरी जिरून गेलं होतं. तिने झाडांकडे पाहिलं आणि काल बोटीतून पाहिलं त्याहून जास्त तिरस्काराने पाहिलं. पण तिरस्काराला धरायला काठ लागतो, आणि इथे तो कुठे सापडेना. एकामागे एक झाड, त्याच्यामागे झाड. मिठीवाली बाई एका मुळाला गाल लावून उभी होती. “या ना, ऐकू येतं खरंच,” ती कानाएला म्हणाली. “मला ऐकू कमी येतं,” कानाए म्हणाली, आणि पुढे गेली.

नावेत ती मागच्या बाकावर बसली. शुंजी नावाड्याजवळ पुढे उभा होता. दोघं काहीतरी बोलत होते, भरतीबद्दल, कुठल्याशा दोराबद्दल. त्याचा आवाज तिथवर येत होता, शब्द येत नव्हते. घरी त्याचा आवाज कसा होता ते तिने आठवून पाहिलं. नीट आठवलं नाही. आता पुढे काय काय होईल, ते मात्र स्पष्ट दिसत होतं. आज ओसाकाला परत. मार्चपर्यंत एकाच टेबलाशी जेवण, नीट, भांडण न करता. मैत्रिणींना काय सांगायचं तेही तिने ठरवलं: जंगलात गेले हो आमचे हे, माकडांनी मागणी घातली. मैत्रिणी तोंडावर हात ठेवून हसतील. नंतर आपापल्या घरी जातील.

धक्का आला. लाकडी पायऱ्या पाण्याने आणि शेवाळाने काळ्या झाल्या होत्या. नावाड्याने नाव धरून ठेवली, आणि शुंजी आधी उडी मारून खाली उतरला, पायरीवर पाय रोवून उभा राहिला आणि एकेकाला हात द्यायला लागला. “सांभाळून. पायरी ओली आहे.” टकलू गृहस्थ उतरला. “सांभाळून उतरा.” मिठीवाली बाई उतरली, हसून काहीतरी म्हणाली. रांग पुढे सरकत होती. कानाएची पाळी आली. शुंजीने हात पुढे केला, तिचा हात कोपराखाली नीट धरला, जेवढा धरायला हवा तेवढाच, आणि म्हणाला, “सांभाळून उतरा.”

उतरा. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी असं म्हटलं नव्हतं. तिने चटकन त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा असता तर तिथे दिसला असता. टोमणा नव्हता. आपण काय म्हणालो हेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याचे डोळे तिच्या पायांवर होते, पाय नीट पडतोय ना एवढंच बघत. पाय नीट पडला.

“आभारी आहे,” ती म्हणाली.

तो मान लववून हसला, आणि त्याने मागच्या माणसापुढे हात केला.